मुरानोची काचकला

इटलीतील व्हेनिस शहराच्या उत्तरेस सु. दीड किमी. अंतरावर असलेल्या मुरानो या बेटसमूहावर विकसित झालेली कलात्मक काचनिर्मितीची परंपरा. बराच काळ मऊ राहणारी सोडायुक्त काच, ती भट्टीच्या तोंडाशीच फुंकून, ओढून व चिमट्याने घडविण्याचे कसब आणि काचेच्या रंगीत कांड्यांपासून साधलेली नक्षी ही या परंपरेची प्रमुख लक्षणे होत. पंधराव्या ते सतराव्या शतकांपर्यंत यूरोपातील उंची काचसामानाच्या बाजारपेठेवर मुरानोचे वर्चस्व होते. आजही कलाकाचेच्या प्रकारांना जगभर जी नावे दिली जातात, त्यांपैकी बरीचशी मुरानोतील भट्ट्यांमधूनच आलेली आहेत. या कलेचा इतिहास हा सौंदर्यनिर्मितीचा आहे, तसाच तो एका व्यापारी राज्याने कारागिरांचे ज्ञान कोंडून ठेवण्याच्या प्रयत्नाचाही आहे.

पूर्वपीठिका : काच बनविण्याची विद्या मेसोपोटेमिया व ईजिप्त येथे प्राचीन काळापासून अवगत होती. तथापि नळीने फुंकून काचेचे पात्र तयार करण्याची पद्धती इ. स. पू. पहिल्या शतकात सिरिया-पॅलेस्टाइनच्या किनारपट्टीवर उदयास आली आणि रोमन साम्राज्यात ती झपाट्याने पसरली. रोमन कारागिरांना रंगीत काचेचे तुकडे जोडून केलेली कुट्टिमकाच आणि दोन रंगांच्या थरांपैकी वरचा थर कोरून केलेली उत्थित काच हे प्रकारही साध्य झाले होते. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातील ‘पोर्टलंड पात्र’ हे दुसऱ्या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण होय. रोमन साम्राज्याच्या विघटनानंतर पश्चिम यूरोपात ही कौशल्ये क्षीण झाली; परंतु बायझंटिन व इस्लामी जगात ती टिकून राहिली.

व्हेनिसच्या खाजणातील तोर्चेल्लो बेटावरील उत्खननात सातव्या-आठव्या शतकांतील काचभट्टीचे अवशेष सापडले आहेत. ९८२ मधील एका दस्तऐवजात दोमेनिको नावाच्या बाटल्या बनविणाऱ्या काचकाराचा उल्लेख येतो. व्हेनिसचा व्यापार पूर्व भूमध्य सागरी प्रदेशाशी चालत असल्याने तेथील काच, कच्चा माल व तंत्रे यांची ओळख व्हेनिसच्या कारागिरांना होत गेली. १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातील सैन्याने कॉन्स्टँटिनोपल लुटले आणि १४०१ मध्ये तैमूरने दमास्कस उद्ध्वस्त केले. पूर्वेकडील जुनी केंद्रे दुबळी होत असताना व्हेनिसला त्यांची जागा घेता आली.

कारागीर-संघ आणि शासकीय निर्बंध : काचकारांच्या संघाची नियमावली १२७१ मध्ये तयार झाली. १२९१ मध्ये व्हेनिसच्या महासभेने शहरातील काचभट्ट्या हलविण्याचा आदेश दिला व त्यानंतर हा उद्योग मुरानोवर केंद्रित झाला. शहरातील बरीच घरे लाकडी असल्याने आगीचा धोका टाळणे, हे या आदेशाचे उघड कारण होते. मात्र एकाच बेटावर सर्व कारागीर एकत्र आल्यामुळे त्यांच्यावर देखरेख ठेवणेही शासनाला सोपे झाले.

या व्यवस्थेत कारागिरांना मान होता, पण मोकळीक नव्हती. मुरानोच्या मूळ रहिवाशांची नावे नोंदविणारा ‘सुवर्णग्रंथ’ १६०५ मध्ये सुरू झाला. काचकाराच्या कन्येशी सरदार घराण्यातील पुरुषाने विवाह केल्यास त्यांच्या संततीचे सरदारपद अबाधित राहत असे. दुसरीकडे परवानगीवाचून परदेशी जाऊन काम करणाऱ्यास दंड, तुरुंगवास व संघातून बहिष्कार यांना तोंड द्यावे लागे. वर्षातून काही महिने भट्ट्या बंद ठेवण्याचा नियम असल्यामुळे त्या काळात कारागीर बेकार होत आणि परदेशी राजेरजवाड्यांची आमिषे त्यांना याच वेळी अधिक मोह घालीत. उत्तर इटलीतील आल्तारे या गावच्या काचकार-संघाचे धोरण नेमके उलट होते. तेथील संघ आपल्या कारागिरांना मोबदला ठरवून परदेशी पाठवीत असे. मुरानोची कला यूरोपभर पसरविण्यात आल्तारेच्या कारागिरांचाही मोठा वाटा आहे.

कच्चा माल व रासायनिक घटक : मुरानोची काच सोडा-चुना-सिलिका या वर्गातील आहे. सिलिकेसाठी तिचीनो व आदीजे या नद्यांच्या पात्रांतील शुभ्र गारगोट्या भाजून व कुटून वापरीत. सिलिका वितळण्यास फार उच्च तापमान लागते. ते कमी करण्यासाठी अभिवाह म्हणून सिरिया, ईजिप्त इ. प्रदेशांतून आणलेली क्षारयुक्त वनस्पतींची राख मिसळीत. या राखेतून सोडा व काही प्रमाणात चुना मिळे. वाळू व राखेतील लोहामुळे काचेला येणारी हिरवट झाक मँगॅनीज डाय-ऑक्साइडाच्या अल्पशा मात्रेने घालविता येत असे.

रंगांसाठी धातूंची संयुगे वापरतात. कोबाल्टाने गडद निळा, मँगॅनिजाच्या अधिक मात्रेने जांभळा आणि तांब्याने हिरवा किंवा फिरोजी रंग येतो. भट्टीतील वातावरण ऑक्सिजनविरहित ठेवल्यास तेच तांबे लाल रंग देते. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे माणकासारखा लाल रंग प्राप्त होतो. परंतु तो प्रथम दिसत नाही, काच पुन्हा तापविल्यावरच उमटतो. कथिलाच्या ऑक्साइडाने काच दुधासारखी अपारदर्शक होते.

पंधराव्या शतकाच्या मध्यास आंजेलो बारोव्हिएर (१४०५–६०) या काचकाराच्या भट्टीत ‘क्रिस्तालो’ ही जवळजवळ रंगहीन व पारदर्शक काच तयार झाली. नैसर्गिक स्फटिकाशी असलेल्या साम्यावरून तिला हे नाव पडले. वनस्पतींची राख पाण्यात उकळून, गाळून व आटवून तिच्यातील अशुद्ध द्रव्ये वेगळी काढणे, हे या शोधाचे मर्म होते. या शुद्धीकरणास एक मर्यादाही होती. लोहाबरोबर राखेतील चुना व मॅग्नेशियादेखील निघून जात आणि त्यांच्या अभावी काच रासायनिक दृष्ट्या अस्थिर बनत असे. काही जुन्या पात्रांवर आज ओलसरपणा व बारीक तडे दिसतात, त्याचे कारण हेच होय.

भट्टी व घडविण्याची पद्धती : मिश्रण मुशीत घालून सु. १,४००° से. तापमानास रात्रभर वितळवितात. सकाळपर्यंत त्यातील वायूचे बुडबुडे निघून जातात व काच सु. १,०००° ते १,१००° से. पर्यंत निवून मधासारखी घट्ट होते. याच अवस्थेत ती घडविता येते. पूर्वी इंधन म्हणून लाकूड वापरीत. विसाव्या शतकात त्याची जागा वायूने घेतली.

काम एकट्याचे नसते. प्रमुख कारागीर, त्याचे साहाय्यक आणि उमेदवार मुलगा यांचा गट एका भट्टीमुखाशी काम करतो. साहाय्यक लोखंडी फुंकनळीच्या टोकावर काचेचा गोळा घेतो, तो लोखंडी पाट्यावर लोळवून सारखा करतो व फुंकतो. प्रमुख कारागीर बाकावर बसून नळी सतत फिरती ठेवतो, कारण फिरणे थांबताच गोळा स्वतःच्या वजनाने एका बाजूस ओघळतो. चिमटे, कात्री व ओले लाकडी साचे एवढीच त्याची अवजारे. पात्राचा तळ दुसऱ्या भरीव सळईला चिकटवून ते फुंकनळीपासून अलग करतात व मग त्याच्या तोंडाला आकार देतात. मध्येच काच कडक होऊ लागल्यास ती पुनःपुन्हा भट्टीत धरावी लागते. तयार वस्तू सु. ५००° से. तापमानाच्या अनुशीतन भट्टीत ठेवून अतिशय सावकाश निववितात. तसे न केल्यास आतील ताणामुळे ती तडकते. वेगवेगळ्या रंगांच्या काचा एकत्र वापरताना त्यांचे प्रसरण गुणांक जुळणे आवश्यक असते. अन्यथा निर्दोष दिसणारे पात्रही निवताना फुटते. म्हणूनच रंगांच्या कृती ही प्रत्येक भट्टीची जपून ठेवलेली मालमत्ता असे.

कलाकाचेचे प्रकार : (१) मीनाकाम व मुलामा : काचेची रंगीत पूड तेलकट माध्यमात कालवून पात्रावर चित्रे काढीत व ते पुन्हा तापवून चित्रे पक्की करीत. सोन्याचा वर्खही अशाच रीतीने बसवीत. मुरानोच्या काचसंग्रहालयात असलेला सु. १४७० मधील ‘बारोव्हिएर चषक’ हा गडद निळ्या काचेवरील मीनाकामाचा नमुना होय.

(२) लात्तिमो : कथिलयुक्त दुधी काच. चिनी मातीच्या भांड्यांना यूरोपात मोठी मागणी होती, मात्र ती बनविण्याचे रहस्य तेथे अज्ञात होते. त्यांचे अनुकरण करण्याच्या प्रयत्नातून पंधराव्या शतकात ही काच प्रचारात आली.

(३) काल्चेदोनियो : अकीकासारख्या पाषाणातील वळणदार रंगीत पट्ट्यांचा आभास निर्माण करणारी काच. हिच्यात चांदी व अन्य धातूंच्या संयुगांचे मिश्रण वापरतात आणि काच अपुरी ढवळून पट्ट्या उमटवितात.

(४) फिलिग्राना : मुरानोचे सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण तंत्र. दुधी काचेच्या गोळ्यावर पारदर्शक काचेचा थर चढवून त्याची दोन टोके दोन कारागीर धरतात व विरुद्ध दिशांना चालू लागतात. पाकाची तार निघावी, तशी काच ताणली जाऊन अनेक मीटर लांबीची बारीक कांडी तयार होते व तिच्या मध्यातून पांढरा धागा जातो. कांड्यांचे सारख्या लांबीचे तुकडे करून ते शेजारीशेजारी मांडतात, तापवून एकजीव करतात, फुंकनळीवरील काचेच्या कड्याभोवती गुंडाळतात आणि फुंकतात. सरळ धाग्यांची फिलिग्राना हा तिचा साधा प्रकार. कांडी ओढतानाच तिला पीळ दिल्यास आत गोफासारखी नक्षी उमटते. या प्रकारासाठी कातानी बंधूंनी १५२७ मध्ये विशेषाधिकार मागितला होता. ‘रेतिचेल्लो’ हा तिसरा प्रकार सर्वांत अवघड मानला जातो. परस्परविरुद्ध दिशांना पीळ दिलेले दोन फुगे एकात एक बसविले असता धाग्यांची जाळी तयार होते आणि जाळीच्या प्रत्येक घरात हवेचा एकेक सूक्ष्म बुडबुडा अडकून राहतो.

(५) मुर्रीना व मिल्लेफ्योरी : वेगवेगळ्या रंगांचे थर एकावर एक देऊन व ताऱ्याच्या किंवा फुलाच्या आकाराच्या साच्यांतून काढून कांडी बनवितात. ती ओढल्यावर बारीक होते, पण छेदातील आकृती तशीच राहते. तिच्या आडव्या चकत्या मांडून, तापवून जोडतात व त्यांचे पात्र घडवितात. फुलांच्या आकृत्यांच्या अशा कामास ‘सहस्र पुष्पे’ या अर्थाचे मिल्लेफ्योरी हे नाव आहे. याच तत्त्वावर पंधराव्या शतकाच्या अखेरीस निळ्या, पांढऱ्या व तांबड्या थरांचा ‘रोझेत्ता’ मणी बनू लागला. त्याचे श्रेय परंपरेने आंजेलो बारोव्हिएरची कन्या मारिएत्ता हिला दिले जाते. हे मणी व्यापाराचे चलन बनले. आफ्रिकेत सोने, हस्तिदंत आणि गुलाम यांच्या खरेदीसाठीही ते दिले जात. मुरानोच्या कलेशी जोडलेला हा एक काळाकुट्ट दुवा आहे.

(६) हिमकाच : तापलेले अर्धवट पात्र क्षणभर थंड पाण्यात बुडवून त्याचा पृष्ठभाग तडकवितात व ते पुन्हा तापवून फुगवितात. त्यामुळे बर्फाच्या भेगांसारखा पोत येतो. हा प्रकार सोळाव्या शतकात रूढ झाला.

(७) आव्हेंतुरीना : तांब्याच्या असंख्य चकचकीत स्फटिकांमुळे सोनेरी दिसणारी काच. ऑक्सिजनविरहित भट्टीत वितळविलेली काच अतिशय मंदगतीने निवविली, तरच हे स्फटिक वाढतात. यश बरेचसे दैवाधीन असल्याने ‘दैवयोग’ या अर्थाच्या इटालियन शब्दावरून हे नाव पडले. सतराव्या शतकात ती प्रथम तयार झाली.

(८) आरसे : १५०७ मध्ये दाल गाल्लो बंधूंनी स्फटिककाचेचे आरसे बनविण्याचा विशेषाधिकार मागितला. फुंकलेला लांबट फुगा चिरून सपाट करीत, तो घासून गुळगुळीत करीत व मागे कथिल-पाऱ्याचा लेप देत. आरसेकारांचा स्वतंत्र संघ १५६९ मध्ये स्थापन झाला.

ज्ञानाचा प्रसार व ऱ्हास : निर्बंध कितीही कडक असले, तरी ज्ञान बेटावर कोंडून राहिले नाही. सोळाव्या शतकात अँटवर्पसह अनेक शहरांतून ‘व्हेनिसच्या धर्तीची’ काच बनू लागली. मुरानोहून अँटवर्पमार्गे लंडनला गेलेल्या जाकोपो व्हेर्त्सेलीनी यास पहिल्या एलिझाबेथ राणीने १५७५ मध्ये अशी काच बनविण्याची मक्तेदारी दिली. १६१२ मध्ये आंतोन्यो नेरी या फ्लॉरेन्सच्या धर्मोपदेशकाने काचविद्येवरील आपला सात भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे १६६२ मध्ये इंग्रजी व १६७९ मध्ये जर्मन भाषांतर झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या कृती छापील स्वरूपात सर्वांच्या हाती आल्या. १६६५ च्या सुमारास फ्रान्सचा मंत्री कॉलबेर याने मुरानोच्या आरसेकारांना गुप्तपणे पॅरिसला आणविले. त्यांपैकी काहींचे तेथे अकस्मात निधन झाले, तेव्हा समकालीनांनी विषप्रयोगाचा संशय घेतला. मात्र तो सिद्ध झाला नाही. व्हर्सायच्या राजवाड्यातील आरसेमहाल (१६८४) फ्रेंच बनावटीच्या आरशांनी सजला, ही व्हेनिसच्या मक्तेदारीच्या अंताची खूण होती.

तथापि ऱ्हासाचे कारण केवळ रहस्यभेद नव्हते. १६७४ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने नव्या स्फटिककाचेचे एकस्व मिळविले व त्यातूनच शिसेयुक्त काच विकसित झाली. याच सुमारास बोहीमियात पोटॅशयुक्त काच तयार होऊ लागली. या दोन्ही काचा जाड, तेजस्वी आणि पैलू पाडण्यास व कोरीव कामास योग्य होत्या. मुरानोची पातळ व नाजूक काच फुंकण्यास आदर्श होती, पण चाकाचा दाब तिला सोसत नसे. अभिरुची फुंकलेल्या आकारांकडून कोरीव नक्षीकडे वळली, तेव्हा जे गुण मुरानोचे बळ होते, तेच तिचे वैगुण्य ठरले. अठराव्या शतकात जुझेप्पे ब्रियाती (१६८६–१७७२) याने बोहीमियन पद्धतीची काच बनवून या स्पर्धेस उत्तर दिले. काचेची रंगीत फुले व पाने यांनी मढविलेली त्याची झुंबरे विशेष गाजली. १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचे प्रजासत्ताक नष्ट केले व १८०६ मध्ये कारागीर-संघ विसर्जित झाले. पुढे ऑस्ट्रियाच्या सत्तेखाली बोहीमियन मालाला झुकते माप मिळाले. बहुतेक भट्ट्या विझल्या आणि मणी बनविण्याचा धंदा तेवढा शिल्लक राहिला.

पुनरुज्जीवन : कारागिरांच्या वंशजांना पूर्वजांची अनेक तंत्रे नव्याने शोधावी लागली. दोमेनिको बुस्सोलिन व प्येत्रो बिगाल्या यांनी फिलिग्राना पुन्हा प्रचारात आणली; लोरेन्त्सो रादी याने १८५६ च्या सुमारास काल्चेदोनियो पुन्हा साध्य केली. १८६१ मध्ये व्हिंचेन्त्सो झानेत्ती या धर्मोपदेशकाच्या प्रयत्नाने मुरानोत काचसंग्रहालय स्थापन झाले व त्यास जोडून कारागिरांसाठी शाळा निघाली. संग्रहालयातील जुनी पात्रे समोर ठेवून नवे कारागीर शिकू लागले. जे ज्ञान पूर्वी पित्याकडून पुत्राकडे गुप्तपणे जात असे, ते प्रथमच सार्वजनिक संस्थेत आले.

व्यवसायाच्या बाजूने आंतोन्यो साल्व्हियाती (१८१६–९०) या वकिलाचे कार्य महत्त्वाचे आहे. त्याने १८५९ मध्ये कुट्टिमचित्रांचा कारखाना काढला आणि १८६६ मध्ये निनेव्ह्याच्या उत्खननामुळे प्रसिद्ध झालेला ऑस्टिन हेन्री लेअर्ड याच्या सहभागाने व इंग्रजी भांडवलावर नवी कंपनी उभारली. लंडनमधील अल्बर्ट स्मारकाची कुट्टिमचित्रे साल्व्हियातीच्या कारखान्याने तयार केली. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात मुरानोच्या काचेने पुन्हा लक्ष वेधून घेतले. १८७८ च्या प्रदर्शनात व्हिंचेन्त्सो मोरेत्तीने पुनरुज्जीवित केलेली रोमन पद्धतीची मुर्रीना पात्रे मांडण्यात आली.

विसावे शतक : जुन्या नमुन्यांच्या अनुकरणाचा अतिरेक झाल्यावर नव्या शैलीचा शोध सुरू झाला. १९२१ मध्ये पाओलो व्हेनीनी (१८९५–१९५९) व जाकोमो काप्पेल्लिन यांनी कारखाना काढला व चित्रकार व्हीत्तोरियो झेक्कीन यास कलासंचालक नेमले. कलावंताने आराखडा करावा व प्रमुख कारागिराने तो काचेत उतरवावा, ही पद्धती येथून रूढ झाली. १९२५ मध्ये भागीदारी मोडल्यावर व्हेनीनीच्या स्वतंत्र कारखान्यात शिल्पकार नापोलेओने मार्तिनुत्सी याने असंख्य बुडबुड्यांनी भरलेली ‘पुलेगोझो’ काच प्रचारात आणली. वास्तुविशारद कार्लो स्कार्पा याने १९३२ ते १९४७ या काळात तेथे काम केले. ‘सोम्मेर्सो’ म्हणजे एका रंगाचा गोळा दुसऱ्या रंगाच्या मुशीत बुडवून थरावर थर चढविणे व ‘बात्तुतो’ म्हणजे थंड पात्राचा पृष्ठभाग चाकाने घासून ठोकलेल्या धातूसारखा पोत आणणे, या तंत्रांना त्याने आधुनिक रूप दिले. ‘इंकाल्मो’ या जुन्या तंत्रासही नवी प्रतिष्ठा मिळाली. त्यात दोन रंगांचे फुगे गरम असतानाच तोंडाला तोंड लावून जोडतात व त्यासाठी दोहोंचे व्यास अचूक जुळावे लागतात. फुल्व्हियो ब्यांकोनीने १९४८–४९ च्या सुमारास व्हेनीनीसाठी आखलेले, हवेत झेललेल्या रुमालासारखे दिसणारे पात्र या काळाचे प्रतीक बनले.

१९६२ मध्ये अमेरिकेत हार्व्ही लिटल्टनने छोट्या भट्टीवर एकट्या कलावंताला काम करता येईल असे प्रयोग केले व ‘स्टुडिओ काच’ चळवळ सुरू झाली. या चळवळीतील डेल चिहुली याने १९६८ मध्ये व्हेनीनीच्या कारखान्यात गटाने काम करण्याची पद्धती अभ्यासली व १९७१ मध्ये वॉशिंग्टन राज्यात पिलचक येथील काचशाळेच्या स्थापनेत भाग घेतला. मुरानोचा प्रमुख कारागीर लीनो ताल्यापिएत्रा (जन्म १९३४) १९७९ मध्ये तेथे शिकविण्यास गेला, तेव्हा बेटाची गुपिते परक्यांना दिल्याबद्दल त्यास स्वकीयांची नाराजी पत्करावी लागली. कालांतराने मात्र मुरानोची कठीण तंत्रे परदेशात टिकून राहिली, याचे बरेच श्रेय त्यालाच देण्यात आले.

सद्यःस्थिती : स्वस्त नकली माल ‘मुरानो’ या नावाने विकला जाऊ लागल्यामुळे व्हेनेतो प्रांताने १९९४ च्या कायद्यान्वये ‘व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ हे अधिकृत व्यापारचिन्ह निर्माण केले. २०१५ पासून यूरोपीय संघात आर्सेनिक ट्राय-ऑक्साइडाच्या वापरावर कडक निर्बंध आले. काच स्वच्छ व अपारदर्शक करण्यासाठी हा पदार्थ दीर्घकाळ वापरला जात असल्याने अनेक कृती बदलाव्या लागल्या. २०२० मध्ये इटली व फ्रान्स यांच्या काचमणी बनविण्याच्या कलेचा युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. २०२१-२२ मध्ये नैसर्गिक वायूच्या किमती अनेक पटींनी वाढल्या, तेव्हा अखंड पेटत्या ठेवाव्या लागणाऱ्या कित्येक भट्ट्या विझवाव्या लागल्या. कसब हातात येण्यास दीर्घ उमेदवारी लागते आणि तिच्याकडे वळणारे तरुण कमी होत आहेत. कारागीर बेट सोडून जाईल, ही जुन्या व्हेनिसची चिंता होती; शिकावयास कोणी येईल की नाही, हा आजच्या मुरानोपुढील प्रश्न आहे.